मांडवातलं केंद्रक

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी आमच्या गल्लीत तीन घरांसमोर सारखीच रांगोळी पडली. एक मोठा गोल, त्याच्या पोटात लहान गोल, आणि लहान गोलाच्या कडेला जागोजागी सोडलेल्या फटी. मी पाणी आणायला निघाले होते. हंडा तिथेच खाली ठेवला आणि हसत सुटले. कारण मूळ रांगोळी आमच्या दारातली. आमच्या भाडेकरू मॅडम रोज सकाळी तीच काढायच्या. शेजारणीने मला आदल्या आठवड्यात विचारलं होतं, "कोणतं व्रत करतात वो तुमच्या मॅडम?" मी म्हटलं, "मले काय मालूम बाप्पा, पण एक दिवस खंड नाही पडू देत." झालं. इतकी शिकलेली बाई रोज करते म्हणजे फळ देणारंच व्रत असेल, असं बायांनी ठरवून टाकलं.

मॅडमना कळलं तेव्हा त्या हातातला चहा तसाच ठेवून तिन्ही घरं फिरून आल्या. मला वाटलं, रागावतील. कसलं काय! एका दारात उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "अवो, फटी काहून बुजवल्या? हळदीकुंकवानं पार बंद करून टाकल्या तुम्ही. आता आत माल कुठून जाईन?" ती बिचारी घाबरून फटीतलं कुंकू बोटाने पुसायला लागली. तिसरं घर बौद्धांचं. त्यांच्याकडे मार्गशीर्षाचा गुरुवार नसतो, पण मॅडमची रांगोळी छान दिसते म्हणून त्या माउलीने हौसेने काढली होती, कुंकवाशिवाय. तिच्या फटी उघड्या होत्या. मॅडमनी सगळ्या गल्लीला बोलावून ती दाखवली. "पाहा, हिनं बरोबर काढली! असं असते केंद्रक!"

केंद्रक हा शब्द आमच्या गल्लीत असा शिरला.

मॅडम मूळच्या पवनीकडच्या, कोंढ्याच्या. आमचं गाव आंधळगावपासून जवळच. इथल्या ज्युनिअर कॉलेजात त्या अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायच्या. लग्न केलेलं नव्हतं. कोणी विचारलंच तर म्हणायच्या, "राहून गेलं जी, वेळच नाही भेटला," जसं काही दळण आणायचं राहून गेलं. आमच्या मागच्या खोलीत त्या आल्या तेव्हा सामान एक लोखंडी पेटी, एक सूक्ष्मदर्शक आणि पुस्तकं. कुकर महिन्याने आणला, तोही मी पाठीस लागल्यावर.

त्यांच्याकडे एक स्कूटी होती. ती त्या माणसाच्या चालीने चालवायच्या. का, तर बाजूने पायी जाणाऱ्याशी बोलता यावं म्हणून. मागून ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवून वाजवून थकायचा. शेवटी तोच उतरून विचारायचा, "मॅडम, आज काय सांगून राहिल्या?" आणि त्या त्यालाही सांगायच्या.

सांगायचं काय, तर एकच. आपल्या अंगातल्या जवळपास प्रत्येक पेशीत एक केंद्रक असतं, त्याच्याभोवती दुहेरी पडदा असतो, आणि तरी त्यातून आतबाहेर सारखी वर्दळ चालू असते. ही वर्दळ कशी चालते, हे त्यांचं वेड. पुस्तकात त्यावर म्हणे एक ओळ आहे, पडद्याला छिद्रं असतात, एवढीच. मॅडम त्या एका ओळीवर आठवडा काढायच्या. मग राहिलेला अभ्यासक्रम रविवारी पोरींना बोलावून पुरा करायच्या. प्राचार्य चिडायचे. ते एकदा आमच्या ओट्यावर बसून म्हणाले, "मॅडम, हे परीक्षेला येत नाही."

"सर, मी एमएस्सीले असताना माझ्या सरांनी बी हेच म्हटलं होतं. मी विचारलं, पडदा आहे तर माल आत कसा जाते? म्हणे, परीक्षेले नाही. अजी, परीक्षेले नाही म्हणून तो माल जायचा थांबला काय?"

प्राचार्य चहा अर्धा ठेवून उठले. मी तो कप उचलताना मनात म्हटलं, बाई, तुझं काही खरं नाही.

मी स्वतः चौथी शिकलेली. पुढचं वाचन जे झालं ते हाती लागेल त्या कागदावर. पुडीचा कागदसुद्धा मी वाचल्याशिवाय टाकत नाही. आमचं घर कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या धंद्यातलं. कोसा उकळायचा, त्याचा धागा काढायचा, आमचे मालक मागावर विणायचे. धागा काढताना तुटका, गुंतलेला असा एक पुंजका शेवटी उरतोच. एके दुपारी मी तो पुंजका बाजूला टाकला आणि मॅडम किंचाळल्या. मला वाटलं विंचू निघाला.

"हेच आहे, ताई! हेच त्याचं दार आहे!"

मग त्यांनी मला जे समजावलं ते मी आजही सांगू शकते, कारण ते माझ्याच हातातल्या वस्तूवर समजावलं होतं. केंद्रकाच्या पडद्याला दारं आहेत, एकदोन नाही, हजारो. पण दाराला फळी नाही, कडी नाही. दारात असे सुटे धागे लोंबत असतात, एकमेकांत गुरफटलेले. बारीक वस्तू, पाणी, मीठ, धाग्यांमधून सहज सरकते. मोठी वस्तू अडकते. आता आत लागणारा मोठा माल तर बाहेरच तयार होतो. मग तो आत न्यायला एक नेणारा लागतो. मालाच्या अंगावर एक खूण असते. नेणारा ती खूण ओळखतो, मालाचा हात धरतो, आणि त्या नेणाऱ्याला धागे वाट देतात.

मी म्हटलं, "म्हणजे लग्नात मामा नवरीले बोहल्यावर आणते, तसं."

मॅडम ताडकन उठल्या. वर्गात हेच सांगते म्हणाल्या, आणि चप्पल न घालताच स्कूटीवर बसल्या. सुट्टीचा दिवस होता. कॉलेजला कुलूप. परत आल्या आणि मलाच पुन्हा एकदा सगळं सांगितलं.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती त्या उन्हाळ्याची. दहावीची परीक्षा संपली होती आणि प्राचार्यांनी मॅडमना बोलावून सांगितलं, सायन्सला पोरंच येत नाहीत. औंदा जूनमध्ये वर्ग भरला नाही तर संस्था सायन्स बंद करणार. मॅडम अतिरिक्त ठरतील आणि दुसरीकडे कुठेतरी पाठवल्या जातील. प्राचार्यांचा तरी काय दोष, वरून आलेलं तेच सांगत होते.

मॅडम घरी आल्या आणि पेटीवर बसल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "मी कुठं बी जाईन, ताई. मले शिकवाले पेशी कुठं बी भेटते. पण इथल्या पोट्ट्यांचं काय? पोट्टे बसनं जातील मोहाडीले, तुमसरले. पोट्टीले कोणता बाप रोज धाडते? दहावी झाली की बसवतील घरी."

खरंच होतं. माझ्या डोळ्यांसमोर अशा किती पोरी बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून मॅडम घरोघर गेल्या. लोक मान द्यायचे, चहा द्यायचे, पोर द्यायचे नाहीत. "सायन्स आपल्या लोकायचं काम नाही, मॅडम. त्याले ट्यूशन लागते, डोकं लागते." एक बाप तर हात जोडून म्हणाला, "आमचीले समजणार नाही जी. तिच्या मायलेच काही समजत नाही." माय आतून भांडं आपटत होती. तिला सगळं समजत होतं.

त्याच मे महिन्यात आमच्या धाकट्या मुलाचं लग्न होतं. लग्न मुलीकडे झालं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडे रिसेप्शन. म्हणून आमच्या दारात मोठा मांडव. नवी सून घरात आलेली, माझे चारही भाऊ आणि भावजया मुक्कामाला, गावभरची माणसं ये-जा करणार. मॅडमनी तो मांडव पाहिला, चारी बाजूंनी कनाती लावलेल्या पाहिल्या, आणि माझा हात धरला.

"ताई, सकाळी मांडव रिकामाच राहते ना?"

"रिकामा कसला, पाव्हणे लोळतात."

"मग पाव्हणे बी लागतील मले."

मालकांनी कपाळावर हात मारला. पण त्या रात्री त्यांनीच कोशाच्या गुंत्याचं पोतं काढून दिलं, हे मी लिहूनच ठेवते.

सकाळी उन्हं चढायच्या आत गाव गोळा झालं. आमची झाडीपट्टी आहे, नाटक म्हटलं की माणूस आजारपणातून उठून येतो. मॅडमनी कनातींमध्ये जागोजागी फटी केल्या होत्या आणि प्रत्येक फटीत माझे धागे लोंबत सोडले होते. आत मधोमध खुर्चीवर माझी नवी सून बसवली. माइकवर मॅडम म्हणाल्या, "ही मूळ प्रत. हिच्याजवळ सगळ्या घराची माहिती आहे. ही बाहेर निघत नाही. हिचा निरोप निघते."

"कालच आली बिचारी, तिले काय माहिती?" कोणीतरी ओरडलं. सून पदरात हसली.

मग लहान लेकरं सोडली. ती धाग्यांमधून आत-बाहेर, आत-बाहेर, किंचाळत. "हे पाणी, हे मीठ! यायले कोणी अडवत नाही!" मग दहावी झालेल्या पोरी आल्या. डोक्यावर भरलेल्या टोपल्या, मनगटाला पिवळी चिंधी. दारांशी माझे चार भाऊ उभे, डोक्याला फेटे. चिंधी पाहायची, पोरीचा हात धरायचा, धागे सारायचे, आत न्यायचं. पोरी सगळ्या गावच्या, पण त्या सकाळी सगळ्या माझ्या भावांच्या भाच्या.

प्राचार्य पुढे बसले होते. त्यांना वाटलं आपणही आत जाऊन पाहावं. दाराशी रांगेत उभ्या असलेल्या पोरीने हात आडवा केला. "सर, चिंधी?"

"अगं, मी प्राचार्य आहे."

"असान जी. चिंधी दाखवा."

ते तसेच घुसायला गेले आणि चष्म्याची दांडी धाग्यात अडकली. सोडवायला दोन बाया लागल्या. गाव खाली बसून हसलं. मॅडम माइकवर शांतपणे म्हणाल्या, "मोठं असलं तरी ओळख पाहिजे."

इथपर्यंत सगळं सोन्यासारखं. आणि मग घोळ झाला.

झालं असं की आचाऱ्याने पाहुण्यांच्या नाश्त्याचे तर्री-पोहे आणून मांडवाच्या आतच ठेवले होते. माझा थोरला भाऊ एका पोरीला घेऊन आत गेला. त्याला वास आला. मामा माणूस, लग्नाच्या घरी आलेला, फेटा बांधलेला! त्याला बसायचं सांगावं लागतं का? तो बसला. दुसरा आला, त्याच्या शेजारी बसला. तिसऱ्याने आल्याआल्या कांदा मागितला. चौघंही आत पंगत मांडून, आणि ज्या पोरींना आणलं त्यांचे हातसुद्धा सोडायचं भान नाही. एका हाताने भाची धरलेली, दुसऱ्या हाताने पोहे. पोरी टोपल्या घेऊन तशाच उभ्या. बाहेर बाकीच्या पोरींची रांग उन्हात. दारावर न्यायला कोणी नाही. आत काही जाईना.

मॅडमनी माइकवर दोनदा हाक मारली. "मामा, बाहेर या. मामाजी!" आतून आवाज आला, "आलो, आलो. तर्री वाढा जराशी."

लोक उठायला लागले. मी मॅडमकडे पाहिलं. माइक खाली गेला होता. प्राचार्य चष्मा पुसत म्हणाले, "झालं ना, मॅडम? आता लोकांना घरी जाऊ द्या." त्या बापाने, तोच हात जोडणारा, रांगेतल्या आपल्या पोरीला खूण केली, चाल. पोरगी टोपली खाली ठेवायला लागली. हा वर्ग गेला असं मला त्या क्षणी वाटलं.

तेवढ्यात मागून माझी थोरली भावजय उठली. ती दिघोरीची. तिने आयुष्यभर धानाच्या बांध्यांत रोवणा केला आहे. तिचा आवाज या बांधीतून त्या बांधीत जातो. तिला केंद्रक-बिंद्रक काही माहीत नव्हतं. तिने फक्त उन्हातल्या पोरी पाहिल्या.

"काय जी!" ती कनात सारून आत शिरली. "पोट्ट्या तिकडे तापून राहिल्या आन् तुम्ही पोहे गिळून राहिले? सोडा त्या लेकराचा हात! उठा!"

"अवो, एवढा घास..."

"घास गेला खड्ड्यात. चला बाहेर!"

तिने माझ्या भावाचं मनगट असं धरलं की त्याच्या हातून भाची आपोआप सुटली. आणि त्याला ओढत, सगळ्यांसमोर, धाग्यांमधून बाहेर आणलं. बाकीच्या तिघी भावजयांनी ते पाहिलं, पदर खोचले आणि आत घुसल्या.

मला आधी हुंदका ऐकू आला, मग कळलं की मॅडम हसताहेत. त्या मांडवाच्या खांबाला धरून उभ्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"थांबा! कोणी उठू नका! मामी! मामी मी मुद्दाम सोडून देल्ली होती!" त्या माइकवर ओरडल्या. "लोकायले जड होईन म्हणून सोडली होती, आन् ही स्वतःच आली! अजी, पेशीत अशीच असते! खरीखुरी असते! आत एक मामी बसली असते. तिनं मामाले धरल्याशिवाय तो भाचीले सोडत नाही आन् बाहेर येत नाही. आन् मामा बाहेर आला नाही तर पुढची भाची आत जात नाही. आता तुम्ही डोळ्यानं पाहिलं!"

धावत येऊन त्यांनी भावजयीच्या गजऱ्यातून तीन फुलं काढून तिच्या अंबाड्यात सरळ रांगेत खोचली. मला दाराबाहेर पाटावर बसवलं. "ताई, तीन फुलं असली की मामीची पकड पक्की. मामी मामाले घेऊन बाहेर आली की तुम्ही एक फूल काढायचं. फूल निघालं की मामी मामाले सोडते. मग मामी आत जाते, आत तिले पुन्हा तिसरं फूल लागते. सूनबाई, फूल तुम्ही लावायचं!"

आणि चालू झालं. मामा भाचीला घेऊन आत. मामी मामाला धरून बाहेर. मी फूल काढते, मामा मोकळा, पुढच्या भाचीकडे. मामी आत, सून फूल खोचते. माझी कालची सून आणि माझ्या भावजया, ओळख धड झाली नव्हती, त्या अर्ध्या घटकेत मैत्रिणी झाल्या. भावाने एकदा जाता जाता पोह्यांकडे हात नेला तर सगळं गाव ओरडलं, "मामी!" संध्याकाळसाठी थांबलेल्या वाजंत्र्यांना राहवेना, त्यांनी सनई-डफडं सुरू केलं. टोपल्या भराभर आत जायला लागल्या. कोणी शिकवत नव्हतं, पण चार वर्षांचं पोरगंसुद्धा सांगत होतं, आता कोण अडलं आणि का अडलं.

शेवटची टोपली आत गेली तेव्हा त्या हात जोडणाऱ्या बापाची बायको उठून उभी राहिली. नवऱ्याकडे न पाहता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मॅडम, मले समजलं. मले समजलं तर माझ्या पोट्टीले काहून नाही समजणार? तिचं नाव लिहा."

नवरा मान खाली घालून बसला होता. मग तोही म्हणाला, "लिहा जी."

त्यानंतर काय झालं ते गावात कोणालाही विचारा. संध्याकाळी रिसेप्शनला लोक नवरा-नवरीला आहेर देऊन सरळ मॅडमकडे नावं लिहायला जात होते. माझ्या मुलाचा फोटो काढायलाही कोणी थांबेना. माझे भाऊ जायच्या आधी ज्या पोरींचे हात त्यांनी धरले होते त्यांच्या घरी जाऊन बसले. "आम्ही तिचे मामा आहोत," म्हणे, "सायन्सलेच घाला." भावजया दारात उभ्या. कोणाची नाही म्हणायची टाप होती?

मॅडम मात्र त्या रात्रीही मला म्हणत होत्या, "ताई, बोलतात सगळे. जून येऊ द्या."

जून आला. पहिल्या दिवशी मी कॉलेजपर्यंत त्यांच्याबरोबर पायी गेले, त्यांची स्कूटी बाजूने माझ्या चालीने. सायन्सच्या खोलीत बाकांवर पोरी, दोन बाकांमधल्या जागेत पोरी, खिडकीच्या कट्ट्यावर पोरं. प्राचार्य स्वतः कला शाखेच्या खोलीतून बाक ओढत आणत होते, घामाघूम. मॅडमना पाहून म्हणाले, "मॅडम, अजून किती आणू?" आणि उत्तर न ऐकताच परत पळाले.

मॅडमनी फळ्यावर गोल काढला. त्याच्या पोटात लहान गोल काढला. मग म्हणाल्या, आधी हजेरी घेते. एकेक नाव घेतलं, एकेक "हजर मॅडम" आला, कोणी लाजत, कोणी ठणकावून. मध्येच दारात नवी पोरगी यायची, तिचं नाव लिहायचं, पुढे चालायचं. त्यांचा आवाज मध्ये एकदा बसला, त्यांनी पाणी पिऊन पुन्हा सुरू केलं. हजेरी संपली आणि तास संपल्याची घंटा झाली. त्या दिवशी केंद्रकाबद्दल एक शब्द शिकवून झाला नाही, आणि मॅडम डस्टर हातात घेऊन, कान तृप्त झाल्यासारख्या, नुसत्या हसत उभ्या होत्या.